एकराचं कूळ आणि मूळ

जमिनीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं होतं ते एकर-गुंठ्यांत. हा 'एकर' इंग्रजीतून आला खरा, पण त्याचं कूळ फार जुनं आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसता 'शेत' असा होता, मग ते केवढंही असो. जर्मनमध्ये 'आकर' म्हणजे आजही शेतच. लॅटिनमधला 'आगेर', ग्रीकमधला 'आग्रोस' आणि ऋग्वेदातला 'अज्र' ही त्याचीच भावंडं. अॅग्रिकल्चरमधला 'अॅग्रि' या 'आगेर'चाच. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या सर्वांचं मूळ 'हाकणे' या अर्थाच्या धातूत शोधतात. संस्कृतात तो 'अज्'. म्हणजे आधी गुरं हाकायचं रान, मग नांगरटीचं शेत.

मोजमाप आलं ते बैलांमुळे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बैलांच्या नांगराने दिवसभरात नांगरून होईल तेवढी जमीन म्हणजे एक एकर. आठ-आठ बैल जुंपलेला जड नांगर बांधाशी वळवणं जिकिरीचं. त्यामुळे तास लांबच लांब धरायचं आणि पट्टा अरुंद ठेवायचा. पुढे हा पट्टा 660 फूट लांब आणि 66 फूट रुंद असा ठरला. ही लांबी म्हणजे एक फर्लांग. त्या शब्दाचा अर्थच 'तासाची लांबी'. गुणाकार केला की येतात 43,560 चौरस फूट.

सतराव्या शतकात एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी रूढ केली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. क्रिकेटची 22 यार्डांची खेळपट्टीही नेमकी एवढीच लांब.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची जमीनमोजणी मुंबई इलाख्यात आली, तेव्हा इथे 33 फुटी साखळी वापरात आली. तिच्या चौरसाचे 1,089 चौरस फूट म्हणजे एक गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर.

सातबाऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 101.17 चौरस मीटरचा. म्हणून व्यवहारात दोन्ही सर्रास एकच धरले जातात. पण एकर भरतो 40.47 आरचा. सातबाऱ्यावरचे 40 आर पाहून एकराचे पैसे मोजणाऱ्याच्या पदरात सुमारे 500 चौरस फूट कमी पडतात.