डोळ्यांचा अंदाज आणि इंजिनाचा काटा

मी मूळचा भातकुलीचा. आमच्याकडे कापसाची गाडी भरली की घरधनी नुसत्या डोळ्यांनी अंदाज सांगतो, 'बारा क्विंटल भरंल.' पण पैसे मिळतात ते काट्यावरच्या आकड्याचे. मी पुण्यात इंजिनं तपासण्याच्या कामात तीस वर्षं काढली, म्हणजे एका परीनं काट्यावरच बसलो. त्या काट्याचं नाव डायनॅमोमीटर. कारागीर त्याला 'डायनो' म्हणतात.

आज त्याविषयी बोलायचं निमित्त माझ्या भाच्याचं. त्यानं टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि एका दुकानात लॅपटॉप लावून तिचं 'रिमॅपिंग' करून आणलं. 'मामा, रस्त्यानं पाहा नं, कशी पळते!' गाडी खरंच पळत होती. मी विचारलं, 'डायनोवर चढवली होती का रे?' तर म्हणाला, 'काय गरज आहे? हायवेवर पाहिली नं चालवून.' पुढं मे महिन्यात चार माणसं बसवून तो परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला निघाला. अर्ध्या वाटेत गाडीनं दम टाकला. इंजिन उघडलं तर एका पिस्टनचा रिंगजवळचा काठ तुटलेला. त्या वर्षीच्या कापसाच्या पैशातला मोठा वाटा त्यात गेला.

असं का झालं? पूर्वी कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर मिस्त्री कानानं लावत. आता ते काम ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. त्याच्या पोटात पाढ्यांसारखे तक्ते असतात. इंजिनाचे फेरे किती, त्यावर भार किती, यावरून पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, याचा आकडा तो तक्त्यातून उचलतो. रिमॅपिंग म्हणजे हे आकडे बदलणं.

ठिणगीचा आकडा सर्वांत नाजूक. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर इंजिनाचा दांडा सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो. ठिणगी उशिरा पडली तर ताकद वाया जाते. फार लवकर पडली तर दाब आणि उष्णता इतकी वाढते की ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. पिस्टनवर जणू हातोडीचे घाव बसतात. काचा बंद आणि गाणी सुरू असली, तर आत बसलेल्याला ते ऐकूही येत नाहीत. गाडीत नॉक ओळखणारा सेन्सर असतो, तो ठिणगी मागं घेतो. पण त्यालाही मर्यादा आहे.

डायनोवर गाडीची चाकं रोलरवर ठेवतात, पट्ट्यांनी गाडी जखडतात, समोर मोठा पंखा लावतात. रोलरला ब्रेक असतो, त्यामुळे गाडी जागच्या जागी घाट चढते. समजा, ३००० फेरे स्थिर धरले. ठिणगी १८ अंश आधी टाकली तर टॉर्क १५० न्यूटन मीटर आला. २० अंशांवर १५४, २२ वर १५६ आणि २४ वरही १५६. म्हणजे २२ च्या पुढं हाती काही लागत नाही, नुसता धोका वाढतो. शहाणा माणूस तिथून एखादा अंश अलीकडेच थांबतो. बऱ्याच इंजिनांत टॉर्क असा थांबण्याआधीच नॉकिंग सुरू होतं. तिथं तर आणखी मागं यावं लागतं. एक खण झाला की पुढचा. रस्त्यावर हे जमत नाही, कारण तिथं भार आणि वेग क्षणभरही स्थिर राहत नाहीत.

ही कल्पना जुनीच आहे. फ्रान्सच्या प्रोनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर ब्रेक आवळून ताकद मोजली. इंग्लंडच्या विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याचा ब्रेक केला. आपल्याकडे पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'एआरएआय' संस्थेत गाड्या अशा रोलरवर तपासल्या जातात. जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित मायलेज' असं लिहितात, तो आकडा रस्त्यावरचा नसतो. रोलरवर ठरावीक वेगानं गाडी चालवून तो काढलेला असतो. म्हणूनच तो आपल्या हाती पुरता येत नाही.

आता आपल्या उन्हाचं. डायनोचा आकडा सहसा २५ अंश तापमानाला धरून दुरुस्त केलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा हवा सुमारे ६ टक्के विरळ होते. ताकदही घटते आणि तापलेल्या हवेमुळे नॉकिंग लवकर गाठतं. कंपनीचे इंजिनिअर हिमालयातल्या थंडीपासून वऱ्हाडातल्या उन्हापर्यंत सगळ्याचा विचार करून तक्त्यात थोडी जागा राखून ठेवतात. भाच्याच्या गाडीत ती राखीव जागाच खर्च झाली होती. जास्तीची ताकद म्हणून त्याला मिळाली, ती हीच.

म्हणून गाडीत बदल करायचाच असेल, तर तीन गोष्टी विचारा. आधीचा आणि नंतरचा डायनोचा आलेख आहे का? त्या वेळी हवेचं तापमान किती होतं? मूळचे आकडे परत भरून मिळतील का? अशा बदलानंतर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, हेही ध्यानात ठेवा.

भाच्यानं नवं पिस्टन बसवलं आणि ईसीयूत कंपनीचेच आकडे परत भरून घेतले. परवा म्हणाला, 'मामा, आता जरा हळू चढते, पण चढते.' मी म्हटलं, 'बाबा, कापूस विकताना काट्यावर भरोसा ठेवतोस, गाडीच्या वेळीच डोळ्यांवर कसा ठेवलास?'