शिष्यवृत्तीवर शिकलेले माधवराव

रायपूरच्या बूढा तालाबाजवळ पूर्वी लॉरी म्युनिसिपल शाळा होती. आज तिचे नाव माधवराव सप्रे शाळा. शहरातल्या खेळाडूंच्या तोंडी मात्र 'सप्रे शाला' म्हणजे मुख्यतः मैदान. 2020 मध्ये तलावाच्या सुशोभीकरणात या मैदानाची जागा जाऊ लागली, तेव्हा खेळाडू आणि नागरिक रस्त्यावर उतरले आणि सप्रे हे नाव बरेच दिवस वर्तमानपत्रांत गाजले. ज्या माणसाचे हे नाव, त्याची ओळख त्या गदारोळात तशी कमीच निघाली.

माधवरावांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. घर मराठी आणि बेताच्या परिस्थितीचे. लहानपणीच कुटुंब बिलासपूरला आले. तिथे मिडलची परीक्षा चांगल्या तऱ्हेने पास होऊन त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढच्या शिक्षणासाठी रायपूरच्या सरकारी शाळेत नाव घातले. तिथे त्यांना नंदलाल दुबे हे शिक्षक भेटले. दुबे संस्कृत नाटके हिंदीत आणणारे गृहस्थ. मराठी घरातल्या या मुलाला हिंदीची गोडी त्यांनीच लावली. शिष्यवृत्ती नसती तर हा मुलगा रायपूरला पोहोचला असता का, याची शंकाच आहे. दुबे मास्तर भेटले नसते तर हिंदी पत्रकारितेचा इतिहासही थोडा वेगळा लिहावा लागला असता.

पुढे माधवराव बी.ए. झाले. पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळावी असा तो काळ. त्यांनी ती वाट धरली नाही आणि पेंड्राच्या राजकुमाराला शिकवण्याचे काम पत्करले. या शिकवणीच्या पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी जानेवारी 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. सहसंपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव बळीराम लाखे. छत्तीसगढच्या पहिल्या हिंदी मासिकामागे तीन मराठी माणसे उभी होती, हे रायपूरच्या मराठी मंडळींनी अभिमानाने सांगावे असेच आहे. मासिक तीन वर्षे चालले आणि पैशाअभावी बंद पडले.

पुढे नागपूरला 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक, त्यातल्या लेखनासाठी 1908 मध्ये अटक, आणि घरच्यांच्या दबावाखाली लिहून दिलेला माफीनामा. ती सही त्यांना आयुष्यभर खुपली. सुटून आल्यावर ते वर्ध्याजवळच्या रामदासी मठात राहिले, दासबोध हिंदीत आणला, काही काळ माधुकरी मागून जेवले. वार लावून, माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. माधवरावांनी मात्र शिक्षण संपल्यावर, नाव झाल्यावर झोळी घेतली, तीही प्रायश्चित्त म्हणून. माझ्या मते त्यांच्या चरित्रातला सर्वांत हलवून टाकणारा भाग हाच.

रायपूरला परतल्यावर ते पुन्हा शिक्षणाकडे वळले. 1911-12 च्या सुमारास त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. मुलींना शाळेत धाडायला घरे कचरत, त्या काळातले हे काम. असहकाराच्या दिवसांत, 1921 मध्ये, सरकारी शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी रायपुरात राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले, त्यातही लाखे यांच्यासोबत ते होते. 'गीतारहस्या'चे भाषांतर, देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हे सगळे याच उत्तरायुष्यातले. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरातच ते गेले.

त्यानंतर त्यांचे नाव पुष्कळ ठिकाणी लागले. रायपुरात शाळा, भोपाळमध्ये 1984 पासून सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय, छत्तीसगढ शासनाचा त्यांच्या नावाचा रचनात्मकता सन्मान. संग्रहालयाने तर जुन्या वृत्तपत्रांचा मोठा ठेवा राखला आहे आणि त्याचे मोल फार आहे. पण संग्रहालय अभ्यासकांच्या कामी येते आणि सन्मान कर्तबगारी सिद्ध केलेल्यांना मिळतो. बिलासपूरहून रायपूरला निघालेल्या, हाती पैसे नसलेल्या मुलाला यातले काय उपयोगी पडले असते?

रायपूरचे महाराष्ट्र मंडळ 1935 पासून उभे आहे आणि शाळाही चालवते. सप्रे शाळेत शिकलेले, तिच्या मैदानावर खेळलेले लोक शहरात जागोजाग सापडतील. 2026 हे माधवरावांच्या निधनाचे शंभरावे वर्ष. या सगळ्यांनी मिळून, खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या एका मुलाची आणि एका मुलीची फी, वह्या-पुस्तके आणि राहण्या-जेवणाचा खर्च दरवर्षी माधवराव सप्रे यांच्या नावाने उचलावा, आणि त्याची सुरुवात याच वर्षी करावी.