दारू सोडायची आहे? मग सभा शोधा, आणि एकट्याला पाठवू नका

पंचशीलातले पाचवे शील आपल्याला तोंडपाठ असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही आपल्याच वस्तीत, आपल्याच नात्यात दारूत बुडालेला माणूस असतो. तो जयंतीच्या मिरवणुकीत दिसतो, पण विहारात यायला लाजतो. "प्रतिज्ञा घेतलीस ना, मग सोड की!" असे आपण त्याला सुनावतो. पण दारूचे व्यसन हा आजार आहे. त्यात नुसता निर्धार पुरत नाही, रोजची सोबत लागते. ही सोबत स्वमदत गटाच्या सभेत मिळते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच एए, हा असाच एक जुना गट. 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन व्यसनी माणसांनी तो सुरू केला. एक व्यसनी दुसऱ्या व्यसन्याशी मोकळेपणाने बोलला तर दोघांनाही दारूपासून दूर राहता येते, एवढाच त्यांचा अनुभव होता. आज महाराष्ट्रातही एएच्या सभा भरतात आणि अनेक ठिकाणी त्या मराठीत चालतात.

आधी डॉक्टर, मग सभा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे त्रास होऊ शकतात. ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात आधी तपासणी करून घ्या. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेले मुक्तांगण हे असेच एक केंद्र.

सभा शोधायची कशी? केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे. जवळच्या केंद्राची चौकशी तिथे करा. सभा कुठे आणि कधी भरते, हे केंद्रातल्या समुपदेशकांना बहुधा माहीत असते. एएच्या भारतातील संकेतस्थळावरही माहिती मिळते. जाण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा : सभा अजून त्याच जागी भरते का, वेळ कोणती, भाषा कोणती, आणि ती खुली आहे की बंद? खुल्या सभेला कोणीही बसू शकतो. बंद सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. गावाजवळ सभा नसेल तर ऑनलाइन सभा आहेत. स्त्रियांनी स्त्रियांच्या वेगळ्या सभेची चौकशी जरूर करावी.

सभेत फी नाही. आडनाव, जात, नोकरी सांगावी लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट. लोक आळीपाळीने आपला अनुभव सांगतात, मध्येच कोणी उपदेश करत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकून उठलात तरी चालते. एका सभेवरून मत बनवू नका. दोन-तीन वेगळ्या सभांना बसून पाहा.

आता आपल्या तरुणांना अडवणारा प्रश्न. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, सभेत प्रार्थनाही असते आणि काही सभा चर्चच्या सभागृहात भरतात. मग बौद्ध माणसाने जावे का? जावे. एए कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही. आपल्यापेक्षा मोठी शक्ती कोणती मानायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. अनेक नास्तिक त्या गटालाच ती शक्ती मानतात. आपण संघाला शरण जातो, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहिले तरी चालते. बुद्धाच्या शिकवणीवर आधारलेला रिकव्हरी धर्मा हा गटही 2019 पासून अमेरिकेत सुरू आहे आणि त्याच्या ऑनलाइन सभा होतात. इंग्रजी जमत असेल तर तोही पर्याय आहे.

पिणारा तयार नसेल तर घरच्यांनी थांबून राहू नये. त्यांच्यासाठी अल-ॲनॉनच्या सभा असतात. नवरा पीत असतानाही बायको तिथे जाऊ शकते. मार खाणाऱ्या, पैसे लपवणाऱ्या, लेकरांना सांभाळणाऱ्या बाईलाही सोबत हवीच असते.

कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली : आपल्या तालुक्यातील सभांची जागा आणि वेळ आजच विचारून लिहून ठेवा. माणूस "सोडतो" म्हणतो तो क्षण फार टिकत नाही, त्या वेळी शोधाशोध नको. पहिल्या सभेला त्याच्यासोबत जा. सभा बंद असेल तर बाहेर बसा. दुसरी : आठवड्यातली एक संध्याकाळ विहाराचे सभागृह अशा गटाला द्या. एएचे गट बाहेरची देणगी घेत नाहीत, त्यामुळे ते थोडेफार भाडे देऊ करतील, ते घ्या. तिसरी : फोटो काढू नका, नाव सांगू नका, ग्रुपवर अभिनंदनाची पोस्ट टाकू नका. सभेत कोण दिसले हे बाहेर फुटले, तर तो माणूस पुन्हा येणार नाही.

आणि कोणी पुन्हा प्यायला, तर "शील मोडलेस" म्हणून दार लावू नका. पुढची सभा कधी आहे, तेवढे सांगा आणि त्याला घेऊन जा.