सासूबाईंच्या पेटीतलं मिग

घरातली अडगळ ओळखावी ती बाईनेच. फुटकी बरणी कधी टाकायची, कुणाचा तुटका चष्मा जपून ठेवायचा, हे तिला बरोबर कळतं. पण चाळीस-पन्नास राखी रंगाचे प्लॅस्टिकचे तुकडे भरलेलं, कडा फाटलेलं खोकं हाती आलं तर? भंगारवाला त्याला हात लावत नाही, आणि आपल्याला ते टाकवत नाही.

आमच्या दारव्ह्याच्या घरी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत असं खोकं निघालं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांची पेटी तशीच होती. गोधड्यांच्या तळाशी मिग-२१ या लढाऊ विमानाचा जोडणी-संच, तोही अर्धा जोडलेला. हे अकरा वर्षांचे असताना मामाजींनी तो मुंबईहून आणला होता. परीक्षा तोंडावर, आणि पोरगं पंख चिकटवत बसलेलं. "परीक्षा झाल्यावर देईन," म्हणून सासूबाईंनी तो उचलून ठेवला. बत्तीस वर्षं तो तसाच राहिला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात फिटर होते. भारतात पहिली मिग-२१ आली १९६३ साली. पुढल्या वर्षी ओझरचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी ती वाटणी होती. सहाशेंहून अधिक मिग-२१ आपल्याकडे तयार झाली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेटं डागली ती याच विमानांनी, आणि दोन दिवसांनी युद्ध संपलं. हा भाग मामाजी हौसेने सांगतात. दुसरा भाग ते बोलत नाहीत. १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत सगळ्या प्रकारच्या मिग विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यात १७१ वैमानिक गेले, असं संरक्षणमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं होतं. अपघाताची बातमी आली की मामाजी एवढंच विचारत, "कोणतं टाइप होतं?" आणि त्या दिवशी पान तसंच राही. सासूबाईही त्यांना आग्रह करत नसत.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. नवरात्राचे दिवस होते. मामाजींनी तो सोहळा टीव्हीवर पाहिला आणि उठून ओसरीवर जाऊन बसले. सासूबाई गेल्यापासून तसंही बोलणं कमीच, आता तर पाणी हवं तरी हाताने खूण. म्हणून ते खोकं निघाल्यावर मी टाकलं नाही, त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, एक तुकडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हे आमचं सत्याहत्तर नोहे. नाक पाह्य किती बारीक हाये."

झालं! सातवीतली माझी लेक पुढे सरसावली आणि दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

आधी मापाचं सांगते. हे संच बहुधा 'एकास बहात्तर' प्रमाणात असतात. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून सहा फुटी माणूस यात एक इंचाचा. सव्वासात मीटरच्या आतबाहेर पंखविस्ताराचं मिग आपल्या वीतभर हातात मावतं. अशा संचांचं नाव घरोघर नेणारी एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली काढली, आणि विमानांच्या आधी ती केसांच्या फण्या करत असे. तेव्हा हा विषय आपल्यापासून अगदीच दूरचा नाही.

जुन्या संचाला पहिली आंघोळ. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा निघाला नाही तर रंग धरत नाही. बत्तीस वर्षांपूर्वीचे जोड वेडेवाकडे होते. ते मामाजींनी ब्लेडने हळूहळू उकलले. हात थोडा थरथरतो, म्हणून त्यांनी मनगट पाटावर टेकवलं होतं. लेकीला ब्लेड दिलं नाही, हे मुद्दाम सांगते.

या प्लॅस्टिकचा गोंद आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. आम्ही नागपूरहून मागवला. खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावा, वास डोक्यात जातो. नेलपॉलिश काढायचं पाणी जवळपासही नको, त्याने तुकडाच वितळतो. कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाला मात्र साधा पांढरा फेव्हिकॉल. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने काच पांढुरकी होते.

तुकडे ज्या काड्यांच्या चौकटीत येतात त्या काड्या टाकू नका. बारीक कातरून गोंदात भिजवल्या की भेगा भरायचं लुकण तयार. ते वाळताना आकसतं, म्हणून दोन दिवस थांबून मग पॉलिशपेपर. आणि काडी मेणबत्तीच्या आचेवर, ज्योतीला न टेकवता, मऊ करून दोन्हीकडून ओढली की केसासारखी तार निघते. माझ्या लेकीने नुसती गंमत म्हणून डझनभर तारा ओढल्या.

आता नाक. संच होता अगदी सुरुवातीच्या मिग-२१ चा. ओझरला मामाजींनी पहिल्यांदा हात लावला तो प्रकार 'टाइप सत्याहत्तर'. त्यात रडार मोठं, म्हणून हवा घेणारं तोंड रुंद आणि मधला शंकूही मोठा. आमच्या छोट्या विमानात हा फरक दोन-अडीच मिलिमीटरचा! मी म्हटलं, "मामाजी, कोणाला दिसणार आहे?" ते म्हणाले, "मले दिसते ना." मग आइस्क्रीमच्या पांढऱ्या कपाच्या पट्ट्या कापून नाकाभोवती थरावर थर दिले, आतून गोल कानशीने कोरलं, वरून लुकण लावून घासलं. शंकू जाड काडी तासून केला. शेपटीचं उभं पातंही पट्टी जोडून रुंद केलं. सत्याहत्तरला अंगची तोफ नव्हती, म्हणून तिचा फुगवटा घासून काढला. वेग मोजायची पुढची नळी जुन्या विमानात नाकाखाली असते, यात नाकाच्या वर. ती नळी म्हणजे माझी सात नंबरची सुई. पुढे वजन नसेल तर विमान शेपटीवर बसण्याची भीती असते, म्हणून सायकलच्या दुकानातले छर्रे नाकात घालून पक्के केले.

एका ठिकाणी मात्र अडलं. डाव्या पंखाच्या वर ह्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. लहानपणी गोंदाचं बोट लागलं, प्लॅस्टिक वितळलं आणि तसंच घट्ट झालं. लेक पॉलिशपेपर घेऊनच बसली होती. हे म्हणाले, "घासून टाक, किती घाण दिसतं." मामाजी काहीच बोलले नाहीत. पंख उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या पंखाचं काम सुरू केलं. त्या दिवशी विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी ते लेकीला म्हणाले, "हा पंख नको घासू. तुह्या बापानं तेवढंच काम केलं होतं, मंग तुह्या आजीनं उचलून ठेवलं." सासूबाई गेल्यापासून त्यांचा उल्लेख मामाजींच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

रंगाऐवजी पोळ्या गुंडाळायचा फॉइल वापरला. विमान धातूच्याच रंगाचं असल्याने तो शोभतो. पातळ वॉर्निशचा हात द्यायचा, तो चिकट असतानाच कातरलेला तुकडा बसवायचा आणि कापसाच्या बोळ्याने चोळायचा. आपल्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा! काही पत्र्यांना चकचकीत बाजू वर, काहींना निस्तेज. त्यामुळे खऱ्या पत्र्यासारखा फरक दिसतो. फॉइल इतका पातळ की डाव्या पंखावर अंगठ्याच्या रेघा वर उठून आल्या आहेत.

तिरंगी वर्तुळांचे छाप पिवळे पडले होते. ते पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून आठवडाभर चिकटवले, उन्हाने बरेच निवळले. मग कोमट पाण्यात सोडवून बसवले. मधोमध हिरवं, मग पांढरं, बाहेर केशरी. लेक उलटं सांगत होती, आजोबांनी दुरुस्त केलं.

धूळ पुसायला फडकं नको, पावडरचा मऊ ब्रश बरा, कारण सुई फडक्यात अडकते. विमान सध्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. मामाजी सकाळी त्याची दिशा थोडी बदलतात, का ते विचारलेलं नाही. परवा लेकीला म्हणत होते, "याच्यानंतर आम्ही 'बिस' बनवलं होतं. त्याचं खोकं भेटते का, पाह्य बरं तुह्या फोनमंधी."