कपाशीच्या पानाखाली

कापसाच्या किडींचा विषय निघाला की बोंडअळीचे नाव प्रथम ओठांवर येते. पोखरलेले बोंड कोणाच्याही डोळ्यांना दिसते, म्हणून अळीचा दरारा मोठा. परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी ही जी चौकडी आहे, तिचा वास पानाच्या खालच्या अंगाला असतो. तेथे बसून हे कीटक झाडाचा रस शोषीत राहतात. आणि वरून हिरवेगार दिसणारे शेत आतून क्षीण होत जाते.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. तुडतुड्यांची पिले तिरपी चालतात. ती वाढली की पानाच्या कडा पिवळ्या पडून पुढे तांबूस होतात व खाली मुडपतात. याच तांबूसपणाला ‘लाल्या’ समजून भलताच उपाय करणारे पुष्कळ आहेत. माव्याच्या अंगातून चिकट गोड द्राव पाझरतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि गोडाच्या लोभाने मुंग्या जमतात. पावसाने ओढ दिली म्हणजे फुलकिड्यांचे फावते. ते पान खरवडतात, म्हणून त्याच्या खालच्या बाजूस रुपेरी झाक येते. पांढरी माशी उत्तर भारतात पर्णगुच्छ रोगाचा विषाणूही वाहून नेते. २०१५ साली पंजाबात तिने कपाशीची जी वाताहत केली, ती सर्वश्रुत आहे.

आता थोडे धानाविषयी बोलतो. कापसाच्या गोष्टीत धान कोठून आले, असे श्रोत्यांस वाटेल. परंतु आम्ही नव्या रायपुरात राहणारी माणसे सभोवार धानच पाहतो, आणि धानावरचा तपकिरी तुडतुडा हा कपाशीच्या तुडतुड्याचा नातलगच होय. छत्तीसगढचा शेतकरी त्याला ‘माहू’ म्हणतो. आशियातील भातशेतीत कीटकनाशकांचा मारा वाढला तसतसा हा कीटक कमी न होता उलट बळावला, कारण त्याला खाणारे कोळी व अन्य कीटक त्याच्या आधी मेले. हे ध्यानात आल्यावर इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांस बंदी केली. शासकीय फायलींत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला या आदेशाचे विशेष कौतुक वाटते. ‘अमुक करू नका’ असे सांगून पीक वाचविणारे हुकूम विरळाच निघतात.

कपाशीतही हाच न्याय लागू पडतो. ढालकिडा आणि त्याची अळी मावा खाते. क्रायसोपाची अळी मावा, फुलकिडे व पांढऱ्या माशीची पिले फस्त करते. पेरणीनंतर लगेच फवारणी केली की हे पहारेकरी प्रथम जातात, आणि मागाहून आलेल्या मावा-तुडतुड्यांना रान मोकळे मिळते. शिवाय बाजारातील बहुतेक संकरित बियाण्यांस रसशोषक किडींविरुद्धचे औषध अगोदरच चोळलेले असते; त्यामुळे पहिल्या महिन्यात फवारणीची गरज सहसा पडत नाही.

या किडींचे माहात्म्य वाढण्यास बियाणेही कारण झाले. गावरान कापूस तुडतुड्यांना पुष्कळ दाद देत नसे. अमेरिकन जातीच्या कपाशीत ज्यांच्या पानांवर दाट लव असते त्या वाणांवर तुडतुड्याला अंडी घालणे अवघड जाते. नांदेडचा ‘एनएचएच-४४’ हा संकर रसशोषक किडींना सहनशील म्हणून ख्यातनाम झाला. २००२ साली बीटी कपाशीला अनुमती मिळाली. तिच्यातील विष अळ्यांच्या पोटात काम करते; रस पिणाऱ्या कीटकांना त्याची बाधा होत नाही. अळीसाठीच्या फवारण्या आरंभी घटल्या खऱ्या, पण बाजारात आलेले कित्येक संकर तुडतुड्यांना सहज बळी पडणारे निघाले, आणि फवारणीचा पंप पुन्हा खांद्यावर चढला.

त्या पंपाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वर्षी झाडे माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जात होती, आणि अंगावर ना पुरेसे कपडे, ना मुखाच्छादन. त्यांतील बरेचसे दुसऱ्याच्या शेतात मजुरीने राबणारे होते, हे विसरता येत नाही.

मग करावयाचे काय? प्रथम मोजावयाचे. एकरातील २० झाडे निवडून प्रत्येकाचे वरचे, मधले व खालचे अशी तीन पाने उलटून पाहावीत. सरासरीने पानामागे तुडतुड्यांची २ ते ३ पिले, मावा किंवा फुलकिडे १०, अथवा पांढऱ्या माशा ८ ते १० आढळल्या, तरच औषधाचा विचार. त्याहून कमी असतील तर ढालकिड्यांना त्यांचे काम करू द्यावे. युरियाची अतिरिक्त मात्रा टाळावी, कारण कोवळी लुसलुशीत पालवी हे या किडींना आमंत्रणच होय. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळावी आणि पाणी घालून १०० लिटर करावे. रासायनिक औषध घेणे भागच पडले, तर एका वेळी एकच औषध, आणि लागोपाठ तेच औषध नाही. कारण किडीची पिढी थोड्या दिवसांत बदलते व औषधाला सरावते.

पाने उलटण्याचे हे काम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करावे. त्या वेळी पांढरी माशी सुस्त असते आणि पान उलटताच उडून जात नाही. अनुभवी माणसाला एका एकराला अर्धा-पाऊण तास पुरतो.