अ‍ॅनिलिन म्हणजे काय? एका निळ्या शब्दाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज एकच शब्द घ्यायचाय : अ‍ॅनिलिन. अकरावी-बारावीला सायन्स असेल तर आठवेल, बेंझिनचा षटकोन आणि त्याच्या एका कोपऱ्याला लटकवलेला एनएच टू. मीही तो पाठ केला, पेपरात काढला आणि विसरून गेलो.

परत आठवला तो मामामुळे. माझा मामा रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होता. एकदा ड्रम हलवताना थोडं अ‍ॅनिलिन त्याच्या पँटवर सांडलं. भाजलं नाही, आग झाली नाही, म्हणून गडी तसाच शिफ्ट संपेपर्यंत काम करत राहिला. संध्याकाळी घरी आला तेव्हा डोकं ठणकत होतं. मामी म्हणाली, "अहो, तुमचे ओठ बघा आरशात!" ओठ निळे, नखं निळी. आम्ही त्याला तसाच दवाखान्यात नेला. नर्सने रक्त काढलं, तर रंग चॉकलेटी!

आता हे निळं कशानं झालं ते सांगतो, पण आधी शब्दाकडे जाऊ.

अ‍ॅनिलिन स्वतः निळं नाहीच. ते बिनरंगी, तेलकट द्रव आहे. हवेत राहिलं की तपकिरी होत जातं. मग नावात निळं कुठून आलं? तर संस्कृतातला 'नील' फारसीत 'नील' राहिला. अरबीत त्याला 'अल' जोडला, त्याचा उच्चार झाला 'अन्-नील'. तो पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये गेला 'अनिल' होऊन. म्हणजे नीळ. आपल्या वर्गातल्या अनिलचा इथे काही संबंध नाही हं! तो संस्कृतातला वारा. उच्चार जुळतो, नातं नाही.

नीळ मिळते गुळीच्या झाडापासून. १८२६ मध्ये ऑटो उन्व्हरडॉर्बेन या जर्मन माणसाने नीळ तापवली आणि तिच्यातून एक द्रव काढला. त्याच्या क्षारांचे स्फटिक सहज होत, म्हणून नाव दिलं क्रिस्टलिन. १८३४ मध्ये रुंगेला दगडी कोळशाच्या डांबरात एक पदार्थ सापडला. ब्लीचिंग पावडर टाकली की तो निळा व्हायचा, म्हणून नाव क्यानॉल. ग्रीकमध्ये 'क्यानोस' म्हणजे निळा. पुढे फ्रिट्शे याने नीळ आणि पोटॅश एकत्र तापवून काढलेल्या पदार्थाला अ‍ॅनिलिन म्हटलं, आणि झिनिनने तिसऱ्याच वाटेने बनवून बेंझिडाम म्हटलं. १८४३ मध्ये हॉफमनने दाखवून दिलं, की अरे, हे चारही एकच आहेत! बारशी चार, पोर एक. टिकलं ते अ‍ॅनिलिन.

नंतर १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातल्या या अ‍ॅनिलिनपासून क्विनीन बनवायला गेला. क्विनीन काही झालं नाही, मिळाला जांभळा रंग, मॉव्ह. तिथून कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. १८६५ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या बीएएसएफ कंपनीच्या नावातला 'ए' म्हणजे हेच अ‍ॅनिलिन.

याच बीएएसएफने १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली, आणि आपल्याकडच्या शेतातल्या निळीचा भाव कोसळला. बिहारमध्ये चंपारणच्या शेतकऱ्यांवर 'तीनकठिया' लादलेली होती. २० कठ्ठ्यांच्या बिघ्यात ३ कठ्ठे नीळ लावायचीच. नीळ परवडेना तेव्हा मळेवाल्यांनी तोटा शेतकऱ्यांवर ढकलला. नीळ नको ना, मग खंड वाढवून द्या! १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच तक्रारी ऐकायला. निळीवरून ज्याला नाव मिळालं, त्या अ‍ॅनिलिनने उभ्या केलेल्या धंद्यानेच शेतातली नीळ संपवली. आज तुमच्या जीन्सचा निळा रंग बहुतेक वेळा कारखान्यातलाच असतो, आणि तो अ‍ॅनिलिनपासूनच बनतो.

या घराण्यातले बाकीचे शब्द पटकन बघू. सल्फानिलामाइड, अँथ्रानिलिक आम्ल, अ‍ॅसिटानिलाइड : सगळ्यांच्या पोटात तोच 'अनिल' बसलाय. इंडिगो मात्र वेगळा. तो ग्रीकमधल्या 'इंडिकॉन'वरून आला, म्हणजे 'भारतातलं'. रंग एकच. एका शब्दाने आपला रंग उचलला, दुसऱ्याने आपला देश.

आता मामाकडे परत. अ‍ॅनिलिन कातडीतून आत शिरतं. शरीरात गेल्यावर ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाची अवस्था बदलतं. त्याचं मेथेमोग्लोबिन होतं, आणि त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. श्वास चालू असतो, पण ऑक्सिजन पोचत नाही. माणूस काळानिळा पडतो. डॉक्टर त्याला सायनोसिस म्हणतात. ओळखलंत? रुंगेच्या क्यानॉलमधला तोच 'क्यानोस'.

आणि मामाला सलाईनमधून दिलेलं औषध कोणतं? मेथिलीन ब्लू! १८७६ मध्ये बीएएसएफमधल्या हाइनरिक कारोने अ‍ॅनिलिनच्याच एका भावंडापासून बनवलेला कापडाचा रंग. तो मेथेमोग्लोबिनचं परत हिमोग्लोबिन व्हायला मदत करतो. निळ्या माणसाला निळा रंग टोचला आणि तासाभरात ओठ गुलाबी! दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी बघून मामा घाबरला, तेव्हा डॉक्टर हसले. पण हे औषध सगळ्यांना चालत नाही. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना त्याने अपाय होतो, म्हणून ते डॉक्टरांनीच द्यायचं.

तुमच्या घरातलं कोणी अशा कारखान्यात असेल तर एवढं सांगा : अंगावर सांडलं की कपडे लगेच काढायचे, साबण-पाण्याने भरपूर धुवायचं, आणि त्रास नसला तरी दवाखान्यात जायचं. कारण लक्षणं काही तासांनीही दिसतात. आणि डॉक्टरांना पदार्थाचं नाव सांगायचं. मामाला ड्रमवरचं नाव आठवत होतं, म्हणून पुढचं सगळं वेळेत झालं.

पाठ करून विसरलेला शब्द असा कामाला येतो. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!