कामगार येण्याआधीच झालेला करार

शिकागोत दर मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डेच्या सुमारास एक अफलातून प्रकार चालतो. मोटरबोटीतून काही माणसं नदीत नारिंगी पावडर भुरभुरतात आणि बघता बघता नदी हिरवीगार होते. पावडर नारिंगी, पाणी हिरवं! काठांवर तोबा गर्दी. पण ही पावडर टाकण्याची प्रथा कोणाची, हे कळल्यावर जास्त मजा येते. ती प्लंबरांच्या युनियनची, तिच्या १३० क्रमांकाच्या शाखेची. कोणत्या इमारतीचं सांडपाणी चोरून नदीत सुटतंय हे शोधायला तिथे पाइपात रंग सोडत असत. तो रंग एका प्लंबरच्या कपड्यांवर उमटला आणि युनियनचे प्रमुख स्टीफन बेली यांच्या डोक्यात किडा वळवळला. १९६२ साली त्यांनी पहिल्यांदा सुमारे ४५ किलो रंग ओतला. अंदाज जरा चुकला. नदी आठवडाभर हिरवीच राहिली.

शहराची नदी रंगवण्याइतका ज्यांचा रुबाब, त्यांच्यासमोर वाटाघाटीच्या टेबलावर बसायचं कोणी? मालकांनी. आणि हे मालक एकेकटे येत नाहीत. युनियनशी करार केलेल्या कंत्राटदारांची स्वतःची संघटना असते. या संघटनेत दाखल होणं म्हणजे नेमकं काय होणं, हे समजून घ्यायला गेलं की एकेका पायरीवर तोंडात बोट घालायची पाळी येते.

समजा, तुमची शिकागोत छोटीशी पाइपकामाची कंपनी आहे. दहा-बारा माणसं, तीन व्हॅन. तुम्हाला एका नव्या हॉस्पिटलचं काम मिळालं. तिथे गरम-गार पाणी, वाफ, एसीचं थंड पाणी, ऑक्सिजन या सगळ्यांचे पाइप बसवायचे. अशी कामं घेणाऱ्याला तिकडे मेकॅनिकल कंत्राटदार म्हणतात. आठ महिने साठ तरबेज पाइपफिटर लागतील आणि नवव्या महिन्यात एकही नाही. एवढी माणसं आणायची कुठून? ठेवायची कुठे? काम संपल्यावर त्यांनी जायचं कुठे?

तुम्ही फोन उचलता. पलीकडे युनियनचा हॉल असतो. तिथे काम नसलेल्या माणसांची क्रमवार यादी असते. तुम्ही सांगता, सोमवारी सहा जण पाठवा, त्यात दोन वेल्डर हवेत. सोमवारी सकाळी सहा जण हजर. त्यांची मजुरी काय, सुट्टी कधी, जादा कामाचा दर किती, हे सगळं आधीच ठरलेलं आहे. तुमची नि त्यांची अजून ओळखही झालेली नाही!

इथे जरा थांबा, कारण कायद्याच्या दृष्टीने हे चमत्कारिकच आहे. अमेरिकेत एरवी युनियनला आधी दाखवावं लागतं की बहुसंख्य कामगार आपल्या बाजूला आहेत; मग करार. पण बांधकामावर मतदान घ्यायचं म्हटलं तर पेट्या उघडेपर्यंत इमारतच उभी राहायची आणि मतदार दुसऱ्या गावी पोचायचे. म्हणून १९५९ साली कामगार कायद्यात बांधकाम धंद्यापुरती एक खिडकी उघडली गेली: इथे एकही माणूस कामावर घेण्याआधी मालक आणि युनियन करार करू शकतात. कामगार यायचे आहेत, काम मिळायचं आहे, पण करार तयार आहे.

या दोन्ही बाजू जन्मल्या तरी कधी? एकाच वर्षी. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला निरनिराळ्या शहरांतले प्लंबर, गॅसफिटर आणि स्टीमफिटर जमले आणि त्यांनी युनायटेड असोसिएशन स्थापन केली. आज तिचे अमेरिका-कॅनडात साडेतीन लाखांहून अधिक सभासद आहेत. त्याच १८८९ मध्ये वाफेची आणि गरम पाण्याची कामं करणाऱ्या मालकांनीही आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. तीच पुढे मेकॅनिकल कॉन्ट्रॅक्टर्स असोसिएशन ऑफ अमेरिका झाली. जाता जाता, प्लंबरला कमी लेखणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या कामगार महासंघाचे १९५५ पासूनचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मीनी हे मूळचे प्लंबर. आणि १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाइपफिटर युनियनच्या मार्टिन डर्किन यांना कामगारमंत्री केलं, तेव्हा आठ लक्षाधीश आणि एक प्लंबर अशी त्या मंत्रिमंडळाची थट्टा झाली. डर्किन काही महिन्यांतच राजीनामा देऊन बाहेर पडले, तो भाग वेगळा.

आता पगाराच्या चिठ्ठीकडे वळू. त्या सोमवारच्या सहा जणांच्या प्रत्येक तासामागे तुम्ही हातात पडणारी मजुरी देताच. शिवाय काही डॉलर आरोग्य विम्याच्या फंडात, काही पेन्शन फंडात, थोडे प्रशिक्षण फंडात आणि थोडे सेंट धंद्याच्या सामायिक कामांसाठीच्या फंडात जातात. हे फंड तुमच्या कंपनीचे नसतात. त्या भागातल्या अशा सगळ्या कंपन्यांचे मिळून ते एकच असतात. म्हणून पाइपफिटर या वर्षी तुमच्याकडे, पुढच्या वर्षी तुमच्या स्पर्धकाकडे आणि त्यानंतर तिसऱ्याकडे गेला, तरी त्याचं पेन्शन तुटत नाही. तीस वर्षांत वीस मालक बदलले तरी खातं एकच!

आणि या पैशावर नजर कोणाची? १९४७ चा टाफ्ट-हार्टली कायदा युनियनचे पंख छाटण्यासाठी आला, अशीच त्याची ख्याती. पण त्यातच एक कलम असं आहे की अशा फंडाच्या विश्वस्तांत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. त्यामुळे मजुरीच्या दरावरून सकाळी एकमेकांवर डाफरणारी माणसं दुपारी एकाच बाजूला बसून लाखो डॉलर कुठे गुंतवायचे ते ठरवतात. मालकांच्या बाजूचे विश्वस्त कोण नेमतं? बहुतेक ठिकाणी स्थानिक कंत्राटदार संघटना. संघटनेत शिरण्याचं एक कारण इथे सापडतं: तुमच्या माणसांच्या नावे जाणाऱ्या पैशाबद्दल बोलायला तिथे तुमच्या बाजूची खुर्ची असते.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते प्रशिक्षण. एखाद्या पोराला पाइपफिटर बनवायला पाच वर्षं लागतात. दर वर्षी साधारण १७०० ते २००० तास प्रत्यक्ष साइटवर, शिवाय किमान २१६ तास वर्गात. आता मालक म्हणून विचार करा. याच्यावर खर्च मी करू आणि शिकून तयार झाल्यावर समोरचा दोन डॉलर जास्त देऊन पळवून नेणार? मग मी कशाला शिकवू? प्रत्येकाने असाच विचार केला की शिकवणारा कोणीच उरत नाही, आणि वीस वर्षांनी सगळेच डोक्याला हात लावून बसतात. या कोड्यावर काढलेला तोडगा किती साधा! सगळेच तासामागे थोडे थोडे सेंट भरतात, शाळा सगळ्यांची मिळून चालते, तिच्या समितीवर दोन्ही बाजूंचे लोक असतात. पोरगा कोणाकडेही गेला तरी त्याच्या शिक्षणाचा वाटा त्याच्या नव्या मालकानेही दिलेला असतो. पळवापळवीचा प्रश्नच विरघळतो.

वर्गात काय शिकवतात? एकच उदाहरण देतो. हॉस्पिटलच्या भिंतीतून ऑक्सिजनचे तांब्याचे पाइप जातात. सांधा जोडताना तांबं लालभडक तापतं, आणि तापलेल्या तांब्याला हवा लागली की आतून काळी खपली धरते. ती खपली सुटून रुग्णाच्या श्वासापर्यंत पोचली तर? म्हणून सांधा जोडत असताना पाइपाच्या पोटातून सतत नायट्रोजन वाहता ठेवतात. बाहेर ज्योत, आत नायट्रोजनची झुळूक. सांधा नीट जमला तर आतलं तांबं नव्यासारखं चकचकीत राहतं.

वेल्डरची परीक्षा तर बघण्यासारखी. पाइप ४५ अंशांत तिरका बांधतात, तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच वाकून, उताणा होऊन, हात फिरवून चहूबाजूंनी जोड पूर्ण करायचा. मग त्या जोडाच्या पट्ट्या कापतात आणि यंत्रात घालून इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात. सुमारे ३ मिलीमीटरपेक्षा मोठी फट दिसली की नापास. त्यातून नियम असा की वेल्डर लायक आहे याची जबाबदारी प्रत्येक कंत्राटदाराने स्वतः घ्यायची. म्हणजे वर्षात चार मालक बदलले तर हीच परीक्षा चार वेळा? नियमांनीच एक मोकळीक ठेवली आहे: अनेक कंपन्या मिळून एकाच वेळी एका वेल्डरची परीक्षा घेऊ शकतात. पण त्यासाठी कंपन्यांना एकत्र आणायला कोणीतरी लागतं. कंत्राटदार संघटनेने नॅशनल सर्टिफाइड पाइप वेल्डिंग ब्यूरो चालवून ती सोय केली. तरीही सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलंच नाही, तर लायकी आपोआप संपते. हाताची सवय मोडते, हे त्या नियमालाही ठाऊक आहे.

म्हणजे या धंद्याने काय केलं बघा. काम हलतं राहतं, माणूस हलता राहतो, कंपनी फुगते नि आक्रसते. मग जे जे टिकायला हवं, म्हणजे कसब, पेन्शन, परीक्षेचा दाखला, ते कंपनीच्या बाहेर, सगळ्यांच्या मालकीच्या जागी नेऊन ठेवलं.

संघटनेत आल्यावर आणखी काय हाती लागतं? एक वजनदार यादी. अमुक व्यासाचा अमुक सांधा बसवायला माणसाचे किती तास लागतात, अशा असंख्य नोंदी. टेंडर भरताना ती समोर हवीच. पण माझं मन रमलं ते दुसऱ्याच एका कोष्टकात. साइटवर कामाचा वेग कशाकशाने मंदावतो याची १६ कारणं त्यात आहेत आणि प्रत्येकापुढे टक्के! एकाच खोलीत सुतार, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर एकमेकांच्या अंगावर काम करत असतील तर तीव्रतेनुसार १०, २० किंवा ३० टक्के नुकसान. माणसांचं मन उडालं असेल तर ५, १५ किंवा ३०. मन उडण्याला टक्के! हे आकडे प्रयोगशाळेतून आलेले नाहीत, जुन्याजाणत्या कंत्राटदारांच्या अनुभवातून आलेत, म्हणून भरपाईच्या दाव्यांत वकील त्यांच्यावर तुटून पडतात. तरी दावे मांडताना तेच पुढे केले जातात.

त्याहून धीट प्रकार म्हणजे या संघटनेतले बरोबरीच्यांचे गट. वेगवेगळ्या शहरांतल्या, एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या कंपन्यांचे मालक ठरावीक काळाने जमतात आणि आपापले हिशोब उघडे करतात. नफा कुठे गळतोय, कोणतं काम बुडालं, मुलाच्या हाती धंदा कधी द्यायचा. दोन गावचे किराणा दुकानदार उधारीच्या वह्या एकमेकांपुढे टाकून बसलेत, अशी कल्पना करा.

मात्र एकाच गावचे स्पर्धक जमले की वकिलाचे कान टवकारतात. संघटना जन्मल्यावर पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, स्पर्धा मारणाऱ्या संगनमताला बंदी घालणारा शर्मन कायदा आला. टेंडरचा भाव, गिऱ्हाईक कोणी घ्यायचं, असले विषय बैठकीत निघता कामा नयेत. १९४५ साली न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिशियनांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की युनियन आणि मालक संगनमताने बाहेरच्यांना बाजारातून हुसकावत असतील, तर युनियनलाही या कायद्यातून सूट नाही.

या व्यवस्थेची काळी बाजूही झाकू नये. हॉलची यादी ज्यांच्या हातात, रोजगाराची किल्ली त्यांच्या हातात. वडिलांमागून मुलगा, काकामागून पुतण्या आणि कृष्णवर्णीयांना दार बंद, असं अनेक शाखांत वर्षानुवर्षं चाललं. १९६९ मध्ये निक्सन सरकारने सरकारी पैशाच्या बांधकामांवर अल्पसंख्याकांना काम देण्यासाठी फिलाडेल्फिया योजना लादली, तेव्हा तिच्या यादीत प्लंबर आणि स्टीमफिटर होतेच. आज अमेरिकेतल्या बांधकाम कामगारांपैकी साधारण दहात एक जणच युनियनचा आहे. युनियनबाहेरचा कंत्राटदार बरेचदा स्वस्तात काम करतो, हे संघटनेतला प्रत्येक मालक जाणून असतो.

मग प्रवेशाची रीत काय? आधी युनियनशी करार हवा. त्याशिवाय दार उघडत नाही. मग आपल्या भागातली स्थानिक संघटना. तिच्यातून राष्ट्रीय संघटना. वर्गणीचा मोठा भाग अनेक ठिकाणी धंद्याच्या फंडातल्या त्याच तासागणिक सेंटांतून येतो. त्यामुळे काम जास्त असेल त्या वर्षी तुम्ही जास्त भरता आणि मंदीत कमी.

बाहेर पडण्याची वाट मात्र अरुंद. १९८० च्या कायद्यानुसार, सामायिक पेन्शन फंडातून अंग काढून घेणाऱ्या मालकाला फंडातल्या तुटीचा आपला वाटा भरावा लागतो. बांधकामवाल्यांना इथेही एक खास सवलत आहे. त्या भागातलं ते काम तुम्ही खरोखरच बंद केलंत, तर एक सेंटही द्यायचा नाही. पण आज युनियनचा करार सोडून पाच वर्षांच्या आत त्याच भागात त्याच प्रकारचे पाइप युनियनबाहेरची माणसं लावून जोडायला घेतलेत, तर बिल दारात येतं. आणि ते बिल कधी कधी कंपनीच्या किमतीहूनही मोठं असतं.